कानाने लावलेलं टायमिंग आणि खान्देशातलं ऊन

आमच्या बीटलचं टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडावी ती वेळ) पहिल्यांदा लावलं गेलं ते जळगावात, डिसेंबरातल्या एका सकाळी, आणि तेही कानाने. मिस्त्रीने डिस्ट्रिब्युटरचा (सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगी पोचवणाऱ्या भागाचा) क्लॅम्प सैल केला, गाडी चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवत नेला आणि आवाज जिथे सगळ्यात मोकळा झाला तिथे आवळून टाकला. गाडी अशी काही पळायला लागली की मी त्याला वर शंभर रुपये दिले. एप्रिलमध्ये भर दुपारी चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना तिचा दम सुटला. पुढे तीन-चार नंबरच्या सिलिंडरांचं हेड उतरवलं, तर तीन नंबरच्या पिस्टनच्या माथ्यावर उंदराने कुरतडावं तसे खड्डे. नॉकिंगचा (पेट्रोल अवेळी पेटल्याचा टकटक) आवाज मला एकदाही ऐकू आला नव्हता. येणार तरी कसा? इंजिन पाठीमागे, खिडक्या उघड्या, कानात गरम वारा. नंतर टायमिंग लाइटचा फ्लॅश मारून पाहिलं तर पूर्ण अ‍ॅडव्हान्स (पिस्टन वर पोचण्याच्या जितके अंश आधी ठिणगी पडते तो आकडा) ३८ अंशांवर होता. पाहिजे होता तिसाच्या आत.

ज्यांनी नुकतीच अशी जुनी, बिनपाण्याची गाडी घेतली आहे किंवा आजोबांची गोठ्यातून बाहेर काढली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आकडे फोक्सवॅगन बीटलच्या चार सिलिंडरच्या आडव्या इंजिनाचे आहेत. जुनी फियाट ५०० किंवा सिट्रोएन २सीव्ही असेल तर आकडे बदलतील, पण कामाचा क्रम हाच राहील. ज्याने चेतक स्कूटरचे सीबी पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) कधी साफ केलेत, त्याला यातलं निम्मं काम आधीच येतं.

हवा कुठून येते आणि कुठे अडते

या इंजिनात रेडिएटर नाही, त्यामुळे उकळायला काही नाही. विकणारे हे कौतुकाने सांगतात. पण ज्या हवेने इंजिन थंड व्हायचं ती हवाच आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांची असते. साधं गणित करू. हेड १८० अंशांवर आहे. बाहेर २० अंश असतील तर फरक १६० चा, बाहेर ४५ असतील तर १३५ चा. उष्णता या फरकाच्या प्रमाणात बाहेर पडते, म्हणजे इथेच साधारण १५ टक्के थंडावा गेला. शिवाय ४५ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ८ टक्के विरळ. पंखा तेवढाच फिरतो, पण ढकलतो कमी. आणि तीच गरम हवा कार्बोरेटरमधून सिलिंडरातही जाते, म्हणून नॉकिंगही लवकर सुरू होतं. डिसेंबरात चालून गेलेलं टायमिंग एप्रिलमध्ये पिस्टन खातं ते यामुळे.

आता सिलिंडरचे नंबर. गाडीच्या मागे उभे राहा, इंजिनाकडे तोंड करून. उजवीकडचा आतला (म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूचा) १, उजवीकडचा आपल्याजवळचा २, डावीकडचा आतला ३, डावीकडचा जवळचा ४. फायरिंग ऑर्डर १-४-३-२. यातला ३ नंबर कायम दुर्दैवी. जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या पत्र्यातच, डाव्या बाजूला उभा असतो. तो हवा अडवतो आणि वर आपली उष्णताही त्याच हवेत सोडतो, ती हवा मग तीनवर जाते. १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीने कूलर मागे सरकवून त्याला वेगळी वाट दिली. त्याआधीच्या बऱ्याच डिस्ट्रिब्युटरांमध्ये तीनची ठिणगी मुद्दाम काही अंश उशिरा पडेल असा कॅम घडवलेला असायचा. कंपनीलाच तीनची एवढी धास्ती होती, तेव्हा आपण तापमानाचा मीटर लावायचा तो तीनवरच.

टायमिंगला हात लावण्याआधी

घाई झालेला माणूस थेट डिस्ट्रिब्युटर फिरवतो. पण हवेची वाट बंद असेल तर टायमिंग कितीही अचूक लावलं तरी गाडी तापणारच.

इंजिनाभोवतीचे सगळे काळे पत्रे जागेवर आहेत का पाहा. आपल्याकडे इंजिन एकदा उतरलं की जोडताना दोन-तीन पत्रे हमखास कोपऱ्यात पडून राहतात. “त्याशिवायही चालते” हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. चालते, पण पत्रा नसला की हवा सिलिंडरच्या पंख्यांमधून (बाहेरच्या पातळ पाकळ्यांमधून) जायचं सोडून भलतीकडे निघून जाते. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली रबराची पट्टीही तितकीच महत्त्वाची: खालची सायलेन्सरची गरम हवा वर येऊ नये म्हणून ती आहे. प्लगच्या वायरींवरची रबरी टोपणंही तेच काम करतात. इंजिनाचं झाकण काठी लावून अर्धवट उघडं ठेवणारे बरेच दिसतात. मला तो उपाय फारसा पटत नाही. आधी खालच्या फटी बुजवा.

मग कापूस. हा खास आपल्याकडचा प्रश्न. दिवाळीनंतर जिनिंगकडे जाणारे कापसाचे ट्रॅक्टर-टेम्पो रस्त्यावर असतात, बाभळीच्या काट्याकाट्याला पांढरे पुंजके लटकतात, आणि यातलं थोडंफार पंख्याच्या तोंडातून आत जाऊन ऑइल कूलरच्या जाळीवर नमद्यासारखं बसतं. वरून काहीच दिसत नाही. वर्षातून एकदा, होळीच्या सुमारास, पंख्याचा पत्रा उचलून कूलर आणि सिलिंडरचे पंखे साफ करा. कॉम्प्रेसरची हवा ज्या बाजूने पंखा फुंकतो त्याच्या उलट बाजूने मारायची. त्याच वेळी थर्मोस्टॅटच्या पट्ट्या (इंजिन थंड असताना हवा अडवणारी झाकणं) सहज हलतात ना, तेही बघा. बंद स्थितीत अडकल्या असतील तर सगळा घोळ तिथेच आहे.

पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबला तर सुमारे १५ मिलिमीटर खाली जायला हवा. ताण कमी-जास्त करायला पुलीच्या दोन ताटल्यांमध्ये वॉशर असतात. आतला वॉशर काढला की पट्टा ताठ होतो. काढलेला वॉशर बाहेरच्या बाजूला, नटाखाली घालून ठेवायचा, फेकायचा नाही.

ऑइल अडीच लिटर. जास्त भरून थंडावा वाढत नाही. मी २०-डब्ल्यू-५० वापरतो. या इंजिनाला फिल्टर नाही, नुसती जाळी आहे, आणि आपल्या धुळीत मी तीन हजार किलोमीटरला ऑइल बदलतो.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर. थंड म्हणजे रात्रभर उभ्या गाडीचं, पहाटेचं. फट ०.१५ मिलिमीटर. एक नंबर टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागी) आणून त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह लावा, मग पुली उलटी अर्धा फेरा फिरवा, दोन नंबर, पुन्हा अर्धा फेरा, तीन, पुन्हा, चार. दर वेळी तीनच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचीच फट कमी झालेली सापडत असेल तर नुसती फट लावून विसरू नका. व्हॉल्व्ह ताणला जातो आहे, आणि त्याचं डोकं एखाद्या दिवशी तुटून सिलिंडरात पडेल.

शेवटी सीबी पॉइंट. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा, कॅमचा उंचवटा फायबरच्या तुकड्याखाली येईपर्यंत इंजिन हाताने फिरवा, फिलर गेजने ०.४० मिलिमीटर फट ठेवा. ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश बंद राहतात ते दाखवणारा) असेल तर ४४ ते ५० अंश. पॉइंटवर खड्डा-टेंगूळ झालं असेल तर घासत बसू नका, कंडेन्सरसकट नवा टाका. हे टायमिंगच्या आधी करायचं, कारण पॉइंटची फट बदलली की टायमिंग आपोआप बदलतं. फट वाढली की पुढे, कमी झाली की मागे. फायबर झिजून फट हळूहळू कमी होत जाते, म्हणून लावलेलं टायमिंगही महिन्यांत मागे सरकतं. कॅमवर ग्रीसचं बोट फिरवायला विसरू नका. विसरलात तर हेच महिने आठवड्यांवर येतात.

आधी मीटर, मग पाना

दोन तापमानं बघायची: हेडचं आणि ऑइलचं. हेड मिनिटाभरात चढतं-उतरतं, ऑइलला पंधरा-वीस मिनिटं लागतात. घाटात काय चाललंय ते हेड सांगतं. दिवसभर काय झालं ते ऑइल सांगतं.

हेडचा सेन्सर म्हणजे प्लगखाली बसणारी एक कडी आणि तिला जोडलेली वायर. १४ मिलिमीटर प्लगची कडी घ्या. प्लगचा स्वतःचा वॉशर काढून त्या जागी ही कडी बसते. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, आटे मऊ. म्हणून प्लग नेहमी थंड इंजिनावर काढा-घाला, पहिले फेरे बोटांनीच द्या. तीन नंबरचा प्लग पंख्याच्या पत्र्याच्या आड, दिसत नाही अशा जागी. प्लगच्या टोकाला रबरी नळीचा वीतभर तुकडा बसवून फिरवला की सोपं जातं. सेन्सरची वायर जास्त झाली म्हणून कापू नका. तिच्या लांबीवर मीटरचा आकडा ठरलेला असतो. उरलेली गुंडाळून बांधा.

आता इथे एक मेख आहे, ती मला कोणी सांगितली नव्हती. हा सेन्सर दोन टोकांमधला फरक मोजतो: एक टोक प्लगखाली, दुसरं मीटरजवळ. स्वस्त मीटर असं धरून चालतात की केबिनमधलं टोक २४ अंशांच्या आसपास आहे. आपल्याकडे मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डजवळ सहज ५० अंश असतात. म्हणजे मीटर २५ अंश कमी दाखवतो. काटा १९० वर, तुम्ही निर्धास्त, आणि हेड २१५ वर. महाग मीटरमध्ये ही भरपाई आतच केलेली असते. तुमच्यात आहे की नाही हे कळायला कडी उकळत्या पाण्यात धरा. जळगावची उंची जेमतेम दोनशे मीटर, पाणी ९९ अंशांना उकळतं. सकाळी थंड वेळी एकदा करा आणि दुपारी तापलेल्या गाडीत एकदा. दोन्ही वेळा तोच आकडा आला तर मीटर चांगला. दुपारी कमी आला तर जेवढा कमी तेवढे मनात मिळवायचे, आणि काचेवर चिकटपट्टी लावून ते लिहून ठेवायचे.

ऑइलसाठी तापमान दाखवणारी डिपस्टिक मिळते, किंवा तळाच्या प्लेटमध्ये सेन्सर बसवता येतो. हातातली लेझरवाली गन असेल तर तीही चालेल, पण चकचकीत धातूवर ती खोटं बोलते. तळाच्या भागावर काळ्या मॅट रंगाचा एक ठिपका द्या आणि दर वेळी त्यावरच मारा.

शून्य कुठे आहे

पुलीवरच्या खाचांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. वर्षावर्षाला खाचा बदलल्या: कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन, कधी ती टीडीसीची, कधी साडेसात अंशांची, एखादी तर टीडीसीनंतरची. शिवाय पन्नास वर्षांत पुली बदललेली नसेलच असं नाही. स्वतः शोधून काढलेलं शून्य सगळ्यात बरं.

चारही प्लग काढा. एक नंबरच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा (जनरेटरच्या पुलीच्या नटावर २१ चा पाना लावून, पट्ट्यानेच इंजिन फिरतं). अंगठा बाहेर ढकलला जायला लागला की कॉम्प्रेशन आलं. पिस्टन अजून खालीच असताना प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घाला: आतून पोकळ केलेल्या जुन्या प्लगला बोल्ट बसवून वर्कशॉपवाला बनवून देतो. आता हळू फिरवा. पिस्टन अडेल. इंजिनाच्या दोन अर्ध्यांचा जिथे सांधा आहे, त्या रेषेसमोर पुलीवर पेन्सिलीची खूण करा. मग उलटं फिरवा, दुसऱ्या बाजूने अडेल, तिथेही खूण. दोन खुणांमधल्या छोट्या अंतराचा मध्य म्हणजे टीडीसी. स्टॉप काढून घ्यायला विसरू नका, आणि जोर लावू नका. पाना हलका धरा.

आता शिंप्याची टेप पुलीभोवती गुंडाळून परीघ मोजा. समजा ५४० मिलिमीटर भरला. त्याला ३६० ने भागलं की एका अंशाला दीड मिलिमीटर. म्हणजे ३० अंश ४५ मिलिमीटरवर, २८ अंश ४२ वर, साडेसात अंश ११ च्या थोडं पुढे. मागून पाहताना पुली वरच्या बाजूला डावीकडून उजवीकडे जाते, म्हणून टीडीसीच्या आधीच्या सगळ्या खुणा शून्याच्या उजवीकडे येतात. इथे बहुतेक नवखे एकदा तरी उलटं करतात. मीही केलं होतं. खुणा पांढऱ्या नेलपॉलिशने, शून्य लाल.

बंद गाडीवर, दिव्याने

गाडी सुरू होण्याइतपत टायमिंग आधी बंद इंजिनावर लावायचं. साडेसात अंशांची खूण सांध्यासमोर आणा आणि रोटरचं (टोपीखाली फिरणाऱ्या तुकड्याचं) तोंड डिस्ट्रिब्युटरच्या कडेवरच्या बारीक खाचेकडे, म्हणजे एक नंबरकडे, आहे ना ते पाहा. उलट दिशेला असेल तर एक पूर्ण फेरा फिरवा.

टेस्ट लॅम्पचं एक टोक कॉइलच्या १ नंबरच्या टर्मिनलला (जिथून वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते), दुसरं बॉडीला. किल्ली ऑन. क्लॅम्प सैल करा. डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या दिशेने थोडा फिरवा म्हणजे दिवा विझेल, पॉइंट बंद झाले. आता उलट दिशेने केसाकेसाने फिरवा. दिवा लागला त्या क्षणी थांबा आणि क्लॅम्प आवळा. पॉइंट उघडण्याचा तोच क्षण, ठिणगीचाही तोच. काम झालं की किल्ली लगेच बंद. पॉइंट बंद असताना किल्ली ऑन राहिली की कॉइल तापत राहते, आणि इलेक्ट्रॉनिक किट बसवलेलं असेल तर मॉड्यूलच जाऊ शकतं.

तुमच्या मॉडेलला साडेसात लागू आहे का, हे त्या वर्षाच्या माहितीपुस्तकात बघा. दोन व्हॅक्यूम नळ्यांच्या (इंजिनाच्या ओढीने टायमिंग सरकवणाऱ्या) काही डिस्ट्रिब्युटरांना टीडीसीनंतर पाच अंश असतात, आणि ते नळ्या जोडूनच बघायचे.

चालू गाडीवर, फ्लॅशने

हे संध्याकाळी, शेडमध्ये करा. आपल्या उन्हात टायमिंग लाइटचा उजेड दिसतच नाही. गळ्यातला बागायतदार रुमाल काढून ठेवा, बाही वर करा; समोर उघडा पट्टा फिरत असतो.

इंजिन वीस मिनिटं चालवून गरम केलेलं हवं. लाइटची चाप एक नंबरच्या वायरला. गाडी जुनी ६ व्होल्टची असेल तर लाइटला करंट दुसऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून द्या. व्हॅक्यूमची नळी असेल तर काढून तिचं तोंड बंद करा. आता कोणालातरी अ‍ॅक्सिलरेटरवर बसवा आणि सांगा, हळूहळू वाढव. उजेडात सांध्यासमोर दिसणारी खूण उजवीकडच्या आकड्यांकडे सरकत जाईल आणि तीन-साडेतीन हजार आरपीएमच्या आसपास थांबेल. ती जिथे थांबते तो पूर्ण अ‍ॅडव्हान्स. हा आकडा महत्त्वाचा. आयडलचा आकडा त्यामागे आपोआप येईल तो येऊ द्या.

पुस्तकांत आणि जाणकारांत २८ ते ३२ अंश चालतं. खान्देशात मी २८ लावतो. दोन अंशांनी जाणारी ताकद मला सपाट रस्त्यावर कधी जाणवली नाही. घाटात मीटरवर मात्र फरक दिसतो. नुसत्या वजनांवर (वेग वाढला की बाहेर फेकली जाऊन टायमिंग पुढे नेणाऱ्या) चालणारा, व्हॅक्यूम नसलेला ००९ डिस्ट्रिब्युटर असेल तर हीच पद्धत. ज्यात वजनंच नाहीत, सगळं व्हॅक्यूमवर, त्याला ही पद्धत लागू नाही. त्याचं दिव्याने लावलेलंच टायमिंग खरं.

खूण एका जागी न थांबता नाचत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बुशमध्ये खेळतो आहे. रेस सोडल्यावर खूण परत यायला आळस करत असेल तर आतल्या स्प्रिंगा किंवा वजनं अडकतात. दोन्ही वेळा आधी डिस्ट्रिब्युटर दुरुस्त करा, मग टायमिंग.

जास्त अ‍ॅडव्हान्सने हेड तापतं हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून काही जण भीतीने टायमिंग फार मागे ओढतात. मग पेट्रोल उशिरा जळतं, जळत जळत बाहेर पडतं, आणि सगळी धग एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर. गाडी मरगळते, तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबता, आणखी तापते. मीटरवरचा आकडा कदाचित फार वाढलेला दिसणार नाही, पण व्हॉल्व्ह जातो. म्हणून अंदाजाने दोन-चार अंश “सेफ साइडला” मागे घेणं नको.

रस्त्यावर

पहिली फेरी सपाट रस्त्यावर, सकाळी लवकर. जळगाव–भुसावळ महामार्ग चांगला आहे. ताशी ७० वर दहा मिनिटं स्थिर चालवा आणि हेडचा आकडा वहीत लिहा, बाजूला बाहेरचं तापमान. मग तीच फेरी दुपारी दोन वाजता. दोन आकड्यांतला फरक जवळपास हवेतल्या फरकाएवढाच असेल तर तब्येत ठीक. त्यापेक्षा खूप जास्त असेल तर परत पत्रे, कूलर, पट्टा.

हेड १६० ते १९० मध्ये राहिलं तर काही बघायचं नाही. घाटात थोडा वेळ २१० झालं तरी चालतं. २२० ला पाय सैल करा. २३० च्या वर अ‍ॅल्युमिनियम मऊ पडायला लागतं, बाजूला घ्या. ऑइल ८० ते ११० मध्ये छान, १२० ला थांबा. आणि ऑइल कधीच ८० च्या वर जात नसेल तर तेही बरं नाही. आत साचलेलं पाणी उडून जात नाही. पण ही तक्रार आपल्याकडे फक्त जानेवारीत, गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीची.

आता घाट. कन्नडचा घाट, धुळ्याहून सुरतेकडे जाताना कोंडाईबारी, शिरपूरच्या पुढे बिजासन, नाहीतर तोरणमाळची चढण. नवा माणूस इंजिनावर ताण नको म्हणून चौथ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, अ‍ॅक्सिलरेटर दाबून चढवत राहतो. पाण्याच्या गाडीत ते एकवेळ खपून जाईल. इथे पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर आहे. इंजिन हळू फिरलं की पंखाही हळू, आणि नेमकं तेव्हाच सिलिंडरावर सगळ्यात जास्त भार. तिसरा टाका, गरज पडली तर दुसरा, पाय हलका ठेवा. आवाज वाढेल आणि काटा खाली येईल. पहिल्यांदा पाहताना नवल वाटतं.

टायमिंग बदलून बघायचं असेल तर एका वेळी दोनच अंश, आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, तेवढ्याच माणसांनिशी. टायमिंग, जेट (कार्बोरेटरातलं पेट्रोलचं भोक) आणि प्लग एकाच रविवारी बदलले तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

आकडे तरीही चढेच राहिले तर पेट्रोल-हवेचं मिश्रण बघा. पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण त्याने हलकं (पेट्रोल कमी, हवा जास्त) पडतं, आणि हलकं मिश्रण गरम जळतं. मुख्य जेट एक नंबर मोठा करून प्लगचा रंग पाहा: फिकट तपकिरी हवा, चुन्यासारखा पांढरा नको. जुन्या रबरी पेट्रोल नळ्याही ई-२० ने फुगतात आणि चिरा पडतात. नळी जनरेटरच्या आणि डिस्ट्रिब्युटरच्या वायरींजवळून जाते, हे लक्षात घेऊन ती आजच बदला. गाडी पेटण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. प्लग जास्त थंड जातीचा घ्यायचा तर एनजीकेमध्ये बी५एचएसच्या जागी बी६एचएस, म्हणजे आकडा वाढतो. बॉशमध्ये उलटं, आकडा लहान तितका प्लग थंड.

थांबावं लागलं तर

जनरेटरचा लाल दिवा लागला की पट्टा गेला असं समजा. पाण्याच्या काही गाड्यांत बॅटरीवर घरापर्यंत जाता येतं. इथे पट्टा गेला म्हणजे पंखा गेला. पुढचं गाव दोन किलोमीटरवर असलं तरी थांबा. नुसतं तापलं असेल आणि पट्टा शाबूत असेल तर मात्र लगेच किल्ली फिरवू नका. सावलीत घेऊन मिनिटभर जरा वाढवलेल्या आयडलवर चालू ठेवा, पंखा उष्णता काढतो. मग बंद करून मागचं झाकण उघडा.

रस्त्यावर आपल्याकडे माणूस एकटा राहत नाही. झाकण उघडं दिसलं की शेतातून कोणीतरी येतंच, “काय व्हयनं भो?” म्हणत, आणि हातात पाण्याची कळशी. पाणी आपण प्या, चेहऱ्यावर मारा, पण इंजिनावर एक थेंब पडू देऊ नका. तापलेल्या हेडला आणि सिलिंडरला तडा जातो. हे समोरच्याला समजावणं सोपं नसतं, कारण त्याच्या ट्रॅक्टरला पाणी लागतं.

पुढच्या डिकीत एक जादा पट्टा, २१ चा पाना, दोन-तीन वॉशर, सीबी पॉइंटचा सेट, फिलर गेज आणि एक दणकट स्क्रू-ड्रायव्हर ठेवा. स्क्रू-ड्रायव्हर यासाठी, की पुलीच्या आतल्या ताटलीला एक खाच असते. तिच्यात तो घालून जनरेटरच्या बोल्टाला टेकवला तरच पुली अडते आणि नट सुटतो. मी एकदा पाळधीच्या अलीकडे पट्टा तुटून उभा होतो. नवा पट्टा होता, पाना होता, स्क्रू-ड्रायव्हर घरी. शेवटी रसवंतीवाल्याने त्याच्या इंजिनाचा काढून दिला, आणि पट्टा बसेपर्यंत तिथेच उभा राहून प्रत्येक वॉशर हातात धरत होता.